आजोबांची गिरणी आणि चाळ गिरणगावात नेमकी कुठे होती, हे कसे शोधायचे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. आजोबा स्वातंत्र्याच्या आधी संगमेश्वरकडून मुंबईला आले, गिरणीत साचेवाले, म्हणजे विणकर होते आणि १९८२ च्या संपाच्या काही वर्षे आधी निवृत्त झाले. आत्या गिरणीचे नाव 'जेकब' सांगतात, वडील 'इंदू एक नंबर' म्हणतात. नकाशात जेकब शोधले की लालबाग न येता सात रस्ता येतो. घर डिलाईल रोडला होते, पण चाळ बीडीडीची की बीआयटीची यावर घरात एकमत नाही. त्या गिरणीच्या जागी आता मॉल आहे का, हेही तुम्हाला हवे आहे.

गिरणी कामगारांच्या घरांतून असे प्रश्न माझ्याकडे नेहमी येतात, आणि बहुतेक वेळा माहिती कमी पडते म्हणून घोटाळा झालेला नसतो. एकाच जागेची वेगवेगळ्या काळांतली नावे घरातल्या वेगवेगळ्या माणसांच्या तोंडी राहिलेली असतात आणि प्रत्येकाला आपलेच नाव खरे वाटते. तुमच्या बाबतीत आत्या आणि वडील दोघेही बरोबर असण्याची शक्यता दाट आहे.

लालबागला ससून घराण्याची जेकब ससून मिल होती. या घराण्याच्या मुंबईत बऱ्याच गिरण्या होत्या. १९४० च्या दशकात त्यांनी तो सगळा पसारा विकला आणि नव्या कंपनीचे नाव झाले इंडिया युनायटेड मिल्स. गिरण्यांना क्रमांक मिळाले आणि लालबागची जेकब झाली एक नंबर. कामगारांनी 'इंडिया युनायटेड'चे 'इंदू' करून टाकले. म्हणजे जेकब आणि इंदू एक नंबर ही गिरणी एकच, आणि तिचे गेट लालबागचे.

सात रस्त्याचा जेकब सर्कल मात्र यात आणू नका. तो जेकब वेगळा, एक इंग्रज लष्करी अधिकारी. त्या चौकाला आता संत गाडगे महाराज चौक म्हणतात. त्याचा ससूनांशी संबंध नाही. आसपास गिरण्या होत्या म्हणून नकाशा पाहणारा सहज फसतो. दुसरा चकवा 'इंदू मिल' या नावाचा. बातम्यांत इंदू मिल येते ती दादरला चैत्यभूमीजवळची, म्हणजे सहा नंबर. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे स्मारक होत आहे ते तिथे. दोन आणि तीन नंबर काळाचौकीला, जिथे वस्त्रोद्योगाचे संग्रहालय करण्याचे ठरले आहे. तेव्हा कोणी 'तुमची गिरणी स्मारकात गेली' असे म्हटले तर लगेच मान्य करू नका. क्रमांक विचारा.

एक गोष्ट मात्र परिस्थितीवर अवलंबून आहे. घरात 'जेकब' हे नाव चालते म्हणून आजोबा विक्रीच्या आधीच लागले, असे म्हणता येणार नाही. कागदोपत्री नाव बदलले तरी कामगार पुढे कितीतरी वर्षे जुनेच नाव घेत. शिवाय नवा माणूस आधी बदली म्हणून उभा राही. पाळीच्या वेळी गेटवर जायचे, कायम कामगार गैरहजर असेल तर जॉबर, म्हणजे माणसे भरणारा मुकादम, आत घेणार, नाहीतर घरी परत. अशी काही वर्षे काढताना एकाहून अधिक गिरण्यांत काम केलेली माणसे खूप आहेत. म्हणून घरातल्या आठवणीवरून दिशा घ्यायची, पण शिक्का मारायचा तो कागद पाहून.

कागद म्हटले की लोक सरकारी कचेऱ्यांकडे धावतात. मी आधी गावच्या घरातली जुनी ट्रंक उघडायला सांगतो. कोकणातला गिरणीवाला महिन्याला मनीऑर्डर करी, आणि तिच्या कुपनावर पाठवणाऱ्याचा पत्ता असे. चाळीचा क्रमांक, मजला, खोली आणि खाली 'मुंबई नं. १३' असे काहीतरी. १९७२ साली पिनकोड आला, त्याच्या आधी मुंबईत टपालाचे हे लहान क्रमांक होते आणि पुढे तेच पिनकोडच्या शेपटीला गेले. मुंबई १३ म्हणजे आजचे ४०००१३, डिलाईल रोड. १२ म्हणजे परळ-लालबाग. ११ म्हणजे सात रस्ता. ३३ म्हणजे काळाचौकी. वस्तीबद्दल घरात वाद असेल तर हे दोन आकडे तो पुष्कळदा मिटवतात.

मनीऑर्डरीबरोबर आणखी तीन वस्तू शोधा: कामगार विमा योजनेचे कार्ड, भविष्यनिर्वाह निधीची चिठ्ठी आणि गिरणीचे तिकीट, म्हणजे कामगाराची ओळख. विम्याच्या कार्डावर मालक म्हणून गिरणीचे पूर्ण नाव असते, टोपणनाव नव्हे. ही योजना मुंबईत १९५४ पासून आहे, म्हणजे तुमच्या आजोबांच्या नोकरीचा मोठा काळ त्यात येतो. तिकिटावर क्रमांक आणि खाते असते. ते हाती आले तर नुसती गिरणीच नाही, आजोबा आत कुठे उभे राहत होते तेही कळते.

आता चाळ. बीआयटी आणि बीडीडी ही नावे कानाला जवळची आहेत, पण दोन्ही चाळी दोन वेगळ्या संकटांतून आल्या. १८९६ मध्ये प्लेग आला. दाटीवाटीच्या वस्त्या पाडून शहर मोकळे करायला १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने बांधल्या त्या बीआयटी चाळी. परळच्या अशाच एका चाळीत डॉ. आंबेडकर राहत होते. पुढे पहिल्या महायुद्धाच्या काळात गिरण्या जोरात चालल्या, माणसे वाढली, खोल्यांची टंचाई झाली आणि भाडी भडकली. तेव्हा १९२० मध्ये गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या कारकिर्दीत बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट निघाले. त्या खात्याच्या चाळी त्या बीडीडी. एकूण २०७ इमारती: वरळीला १२१, नायगावला ४२, डिलाईल रोडला ३२ आणि शिवडीला १२. तळमजला आणि वर तीन मजले, प्रत्येक इमारतीत ८० खोल्या, खोली सुमारे १६० चौरस फुटांची. सुरुवातीला त्यातल्या बऱ्याच खोल्या रिकाम्या पडून होत्या, कारण कामगाराला भाडे परवडत नव्हते. पुढे त्याच खोल्यांत दहा-दहा, पंधरा-पंधरा माणसे पाळ्यांप्रमाणे आळीपाळीने झोपू लागली.

घर डिलाईल रोडला होते म्हटल्यावर माझा कल बीडीडीकडे आहे. पण खात्रीचा मार्ग भाडेपावतीचा. इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट १९३३ मध्ये महापालिकेत विलीन झाला, म्हणून बीआयटीची पावती महापालिकेची असते. बीडीडी चाळी राज्य सरकारच्या, त्यांची पावती सरकारी खात्याची. पावतीवर एखाद्या शेठचे नाव असेल तर दोन्ही तर्क चुकले आणि चाळ खासगी निघाली, हेही शक्य आहे. डिलाईल रोडच्या दोन्ही अंगांना खासगी चाळी भरपूर होत्या. खुद्द गिरण्यांनी बांधलेल्या चाळीही होत्या, त्यांची पावती गिरणीच्या नावाची.

रस्त्यांबद्दल एवढे लक्षात ठेवा की जुन्या कागदावर जुने नाव असेल आणि आजच्या नकाशात नवे. डिलाईल रोड म्हणजे ना. म. जोशी मार्ग. १९११ मध्ये सोशल सर्व्हिस लीग काढणारे आणि १९२० मध्ये आयटक ही कामगार संघटना उभी करणाऱ्यांपैकी एक असलेले नारायण मल्हार जोशी, त्यांचे नाव या रस्त्याला आहे हे मला फार योग्य वाटते. करी रोड म्हणजे महादेव पालव मार्ग, आर्थर रोड म्हणजे साने गुरुजी मार्ग, फर्ग्युसन रोड म्हणजे पांडुरंग बुधकर मार्ग. तुळशी तलावाचे पाणी शहरात आणणारा नळ ज्या वाटेने आला तो तुळशी पाईप रोड आता सेनापती बापट मार्ग आहे. एल्फिन्स्टन रोड स्टेशन २०१८ मध्ये प्रभादेवी झाले. मृत्यूचा दाखला, शाळेचा दाखला, रेशनकार्ड, प्रत्येकावर यांतले कोणते नाव आहे ते टिपून ठेवा. कागदावर तारीख पुसट असली तरी रस्त्याच्या नावावरून काळाचा अंदाज येतो.

इथवर आलात की गिरणी लालबागला आणि घर डिलाईल रोडला असे धरून चाला. मग एक काम जरूर करा: आजोबांच्या रोजच्या वाटेने स्वतः चाला. वस्तीचा इतिहास मला कागदांइतकाच या वाटांवर सापडला आहे.

डिलाईल रोड हा दोन रेल्वेमार्गांच्या मधला पट्टा आहे. पश्चिमेला लोअर परळ स्टेशन आणि रेल्वेचा कारखाना, पूर्वेला करी रोड स्टेशन. लालबागला जायचे तर करी रोडचा पूल ओलांडायचा आणि सरळ भारतमाता सिनेमापाशी उतरायचे. तो सिनेमा उभा आहे ती जमीनच इंदू एक नंबरची. पाळी सुटल्यावर माणसे गेटातून निघून तिकिटाच्या रांगेत उभी राहत असतील, हे तिथे उभे राहिले की सांगावे लागत नाही. आता डोक्यावर लालबागचा उड्डाणपूल आहे. त्याच्या खालून चाललात तर बरे, वरून काहीच दिसत नाही.

गिरण्या इथेच का आल्या, याचे उत्तर याच चालण्यात आहे. मुंबईतली पहिली सूतगिरणी कावसजी नानाभाई दावर यांची. १८५४ मध्ये कंपनी नोंदली गेली आणि १८५६ मध्ये ताडदेवला ती चालू झाली. पुढच्या गिरण्यांना जागा हवी होती, आणि दाट वस्तीच्या शहराबाहेर भायखळा, चिंचपोकळी, परळ, वरळी इथे ती स्वस्त होती. बेटांमधली खाडी बुजवून झालेली बरीच जमीन सखल होती. परळजवळच्या हिंदमाता चौकात आजही पाणी तुंबते ते उगाच नाही. वाफेच्या इंजिनाला पाणी लागे, म्हणून कितीतरी गिरण्यांच्या आवारात तळी असत. कापूस आणि कोळसा आणायला दोन्ही बाजूंना रेल्वे होती, माल पाठवायला पूर्वेला बंदर. १९१५ मध्ये टाटांच्या खोपोलीच्या प्रकल्पातून वीज आली आणि गिरण्या हळूहळू वाफेवरून विजेवर गेल्या. चिमण्या मात्र राहिल्या. त्यामुळे चिमणी दिसली की 'ही गिरणी विजेच्या आधीची असावी' असा अंदाज मी बांधतो आणि मग कागदात पडताळतो.

लालबागच्या बाजारात थोडे थांबा. पेरू चाळीजवळचा बाजार बंद पडला तेव्हा इथल्या कोळ्यांनी आणि विक्रेत्यांनी कायमच्या जागेसाठी नवस केला. जागा मिळाली आणि १९३४ मध्ये त्यांनी गणपती बसवला. तोच लालबागचा राजा. गणेश गल्लीचा गणपती त्याच्याही आधीचा, १९२८ चा. चिंचपोकळीचा १९२० चा. तुमचे आजोबा १९३० च्या दशकाच्या शेवटी आले असतील तर त्यांनी राजाचे मंडळ अगदी नवे असताना पाहिले. मसाल्याची आणि मिरचीची दुकाने, कांडपाची यंत्रे, चिवड्याची गल्ली, हे सगळे गिरणीवाल्यांच्या घरांवर उभे राहिलेले धंदे आहेत. गिरण्या गेल्या तरी चैत्र-वैशाखात वर्षाचा मसाला करायला बायका दूरदूरच्या उपनगरांतून आजही इथे येतात.

आजोबा साचेवाले होते असे तुम्ही लिहिले आहे. हे एक ओळीत सोडून देऊ नका. साचे खाते म्हणजे विणकामाचे खाते. त्रासन (सूतकताई) आणि वाइंडिंग (सूत गुंडाळणे) या खात्यांच्या मानाने तिथे मजुरी बरी होती, पण ते सर्वांना खुले नव्हते. धोट्यातली सुताची कांडी संपली की नव्या कांडीचा धागा धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि विटाळाच्या नावाखाली दलित कामगारांना या खात्यात घेत नसत. १९२८ च्या मोठ्या संपाच्या काळात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न लावून धरला. गिरणगावाची आठवण सांगताना आपण सगळे एका दिलाने राहत होतो असे म्हणतो. त्यात खरेपण आहे, पण या बंद दाराबद्दलही लिहायला हवे. घरचा इतिहास लिहीत असाल तर आजोबा त्या खात्यात कोणाच्या ओळखीने लागले, शेजारच्या साच्यावर कोण होते, हे आत्यांना नक्की विचारा.

आणि जेवत कुठे होते, तेही विचारा. आजी गावाला असेल तर आजोबा एखाद्या बाईच्या खानावळीत जेवत असणार. गिरणगावातल्या या खानावळी चाळीतल्याच खोल्यांत चालत आणि महिन्याच्या पगारावर हिशेब होई. सावकाराच्या कचाट्यात सापडलेल्या या बायकांना १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणले. पुरुषांच्या संपांचा इतिहास लोकांना माहीत असतो. ज्या बायकांच्या उधारीवर ते संप तग धरून राहिले त्यांची नावे मात्र घरोघरच्या आठवणीतच आहेत.

सरकारी नोंदींचे आता थोडक्यात. जन्ममृत्यूची नोंद पालिकेच्या विभाग कार्यालयात: लालबाग-परळ एफ दक्षिणमध्ये, डिलाईल रोड जी दक्षिणमध्ये. जमिनीचा कागद हवा असेल तर मुंबई बेटावर कॅडस्ट्रल सर्व्हे नंबर, म्हणजे जमीनमोजणीचा क्रमांक चालतो. गिरणीसाठी परळ-शिवडी आणि घरासाठी लोअर परळ डिव्हिजनमध्ये शोध घ्या. गिरणीचे नाव कधी बदलले, तिथे किती चात्या (सूत कातायच्या) आणि किती साचे (माग) होते, हे गिरणीमालक संघाच्या वार्षिक अहवालांत मिळते. हा संघ १८७५ चा आहे आणि त्याच्या अहवालांत गिरणीवार तक्ते असतात. १९०९-१० चे मुंबई शहराचे गॅझेटियरही चाळून पाहा. फोर्टमधले राज्य पुराभिलेखागार आणि दादरचे मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय या दोन ठिकाणी मला सर्वांत जास्त मिळाले आहे. जाताना विशिष्ट प्रश्न घेऊन जा. 'लालबागचा इतिहास' मागितलात तर काहीच हाती लागणार नाही. 'जेकब ससून मिल, १९३५ ते १९५०' असे मागा.

मॉलचे म्हणाल तर तुमच्या गिरणीचा मॉल झालेला नाही. मॉल झाला तो लोअर परळच्या फिनिक्स मिलचा. घरातल्या गोष्टींत या दोन गिरण्यांची सरमिसळ होते, कारण फिनिक्सही डिलाईल रोडहून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. ज्युपिटर आणि एल्फिन्स्टनच्या जागी कार्यालयांचे मनोरे आले, श्रीनिवासच्या जागी निवासी टॉवर. इंडिया युनायटेडच्या गिरण्या १९७४ च्या राष्ट्रीयीकरणात सरकारच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेल्या, म्हणून त्यांची वाट खासगी गिरण्यांहून वेगळी झाली. याचा तुम्हाला उपयोग असा की आजोबांच्या शेवटच्या वर्षांच्या सेवेची नोंद मागायची ती या महामंडळाकडे, ससूनांच्या कोणा वारसाकडे नाही.

एक खुलासा, कारण पुढे हा प्रश्न येतोच. गिरणी कामगारांच्या घरांच्या योजनेसाठी १ जानेवारी १९८२ ला किंवा त्यानंतर नोकरीवर असलेला कामगार धरला जातो. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपाच्या आधीच आजोबा निवृत्त झाले असतील तर त्यांच्या नावावर अर्ज बसणार नाही. वडील किंवा काका गिरणीत होते का, ते वेगळे पाहा.

सुरुवात कुठून करावी असे विचाराल तर क्रम असा ठेवा. आधी गावच्या ट्रंकेतली मनीऑर्डरीची कुपने आणि भाडेपावत्या. मग विम्याचे कार्ड किंवा तिकीट. त्यानंतर ती चालायची वाट, शक्य असेल तर आत्यांना सोबत घेऊन. कचेऱ्या आणि ग्रंथालये सर्वांत शेवटी, कारण तोवर तुमच्याकडे विचारायला नेमके प्रश्न असतील.

यात एक काम मात्र पुढे ढकलू नका. संगमेश्वरातल्या तुमच्या गावाचे मुंबईतले ग्रामस्थ मंडळ शोधा. एकेका गावाची गिरणगावात सामाईक खोली असे. नवा आलेला पोरगा आधी तिथे उतरे, महिन्याची वर्गणी भरे आणि त्याचे नाव मंडळाच्या वहीत चढे. आजोबा कोणत्या साली आले, हे त्या वहीइतके नेमके दुसरे कोणी सांगणार नाही. डिलाईल रोडच्या बीडीडी चाळींचा पुनर्विकास चालू आहे. खोल्या रिकाम्या होताना कपाटे आवरली जातात आणि या वह्या रद्दीत जातात. मंडळाचे अध्यक्ष किंवा खजिनदार कोण, हे गावच्या देवळाच्या कमिटीत विचारलेत तर कळेल. वही मिळाली तर तिची पाने जागेवरच फोनने टिपून घ्या, आणि चाळीचा क्रमांक रंगवलेली भिंत अजून उभी असेल तर तिचाही फोटो घ्या.